पुरात बुडालेली जुनी तिजोरी: गॅस कटर आणण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबांची कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाची अडत होती. अडत मोडली तेव्हा तिथली लोखंडी तिजोरी शुक्रवार पेठेतल्या घरी आली. २०१९ च्या पुरात ती निम्मी पाण्यात होती, २०२१ च्या जुलैत पुन्हा. तेव्हापासून किल्ली आत जाते पण फिरत नाही. खालच्या सांध्यातनं मिठासारखी पांढरी भुकटी गळते, डावा कोपरा फुगलाय. भंगारवाला किलोच्या भावानं मागतोय आणि धाकटे काका म्हणतात गॅस कटर आणू, दार कापू, आत असेल ते घेऊ. तुम्हाला जाणून घ्यायचंय की ही तिजोरी कोणती, किती जुनी आणि दुरुस्त होण्याजोगी आहे का.

काकांना आजच सांगा, कटर आणू नका. बाकीचं सावकाश बघू.

गेली बत्तीस वर्षं मी कुलपं आणि तिजोऱ्यांचंच काम करतो, त्याआधी वडील करायचे. उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. ज्या तिजोऱ्या मला वाचवता आल्या नाहीत, त्यातल्या बहुतेक घाईनं गेल्या, गंजानं गेलेल्या फार थोड्या. एका वाड्यात मला बोलावलं ते दार कापून झाल्यावर. कागद पावणेदोनशे अंशांच्या पुढं करपायला लागतो आणि कटरची ज्योत अडीच-तीन हजार अंशांची. आत मोडीतले जमिनीचे कागद होते. गठ्ठ्याच्या चारी कडा कोळसा झाल्या होत्या, मधल्या काही ओळी तेवढ्या उरल्या. घरातल्या आजी तो गठ्ठा मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून होत्या. म्हणून मी या बाबतीत इतक्या ठामपणे लिहितोय.

आता किल्लीकडं येऊ. किल्ली फिरत नाही म्हणजे कुलूप गंजलं, असं लगेच धरू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली किल्ली पोकळ नळीची आहे. अशा कुलपात आत एक खुंटी असते आणि नळी त्या खुंटीवर बसते. पंचगंगेच्या पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि वाळला की दगडासारखा धरतो. नळीच्या तळाशी दोन-तीन मिलिमीटर गाळ राहिला तरी किल्ली पूर्ण आत जात नाही आणि तिचे दाते आपापल्या लिव्हरसमोर (किल्ली फिरताना जिला उचलते त्या कुलपातल्या पट्टीसमोर) येत नाहीत. बाहेरून मात्र किल्ली नीट बसल्यासारखी दिसते. नळी दाभणानं कोरून स्वच्छ करा. दारावरच्या, किल्ली घालायच्या भोकात मात्र सुई, तार, स्क्रू-ड्रायव्हर काही घालू नका. समईच्या वातीसारखी कापसाची लांब वात रॉकेलात भिजवून भोकात सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी काढा. गाळ वातीला लागून येतो. चार-पाच दिवस रोज नवी वात. तेवढे दिवस त्या खोलीत निरांजन-उदबत्ती लावू नका.

मग दोघांनी मिळून बघा. एकानं दार तळहातांनी आत दाबून धरायचं आणि दाराची मूठ (हँडल) बंद करायच्या दिशेला किंचित रेटायची. दुसऱ्यानं किल्ली फिरवायची. पुरात जमीन दबते, तिजोरी एका अंगाला कलते, मग दाराचं सगळं वजन बोल्टांवर, म्हणजे दारातनं चौकटीत सरकणाऱ्या सळयांवर येतं आणि बोल्ट चौकटीत आवळून बसतात. तो ताण सुटला की पुष्कळदा किल्ली लोण्यातनं गेल्यासारखी फिरते. जोर दोन बोटांचा, त्याहून जास्त नको. पक्कड किंवा पाना लावून किल्ली पिळली आणि ती आत तुटली, तर आज तासाभराचं असलेलं काम आठवड्याचं होतं.

तरीही फिरली नाही तर एक गोष्ट करा, जी फार थोड्यांना माहीत असते. किल्ली उलटी, म्हणजे बंद करायच्या दिशेनं हळूच फिरवा.

याचं कारण दोनशे वर्षं जुनं आहे. १८१७ मध्ये इंग्लंडात पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत चोरी झाली. त्यानंतर सरकारनं बक्षीस लावलं, की स्वतःच्या किल्लीशिवाय दुसऱ्या कशानंही उघडणार नाही असं कुलूप करून दाखवा. १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी ते केलं. त्यांच्या कुलपात एक जादा स्प्रिंग होती. कुणी चुकीची किल्ली किंवा आकडा घातला आणि एखादी लिव्हर हवी त्यापेक्षा वर उचलली गेली, की ती स्प्रिंग त्या लिव्हरला तिथंच पकडून ठेवते. त्यानंतर खरी किल्लीही दार उघडत नाही. मालकाला समजतं, आपल्या मागं कुणीतरी हात घातला होता. पुढच्या सुधारलेल्या कुलपांत पकडलेली लिव्हर सोडवायची तर खरी किल्ली एकदा उलटी फिरवायची, मग नेहमीसारखी सुलटी. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं हे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून सगळ्यांना धक्का दिला होता. पण त्यानंतरही ही रचना कितीतरी वर्षं चालली आणि तिच्या नकलाही झाल्या. गुजरीतल्या एका सराफी पेढीतली तिजोरी मी नुसती किल्ली उलटी फिरवून उघडली आहे. दोन वर्षं ती 'बिघडलेली' म्हणून कोपऱ्यात पडून होती. पुरानंतरच्या धांदलीत तुमच्याकडं कुणी दुसरी एखादी किल्ली लावून बघितली होती का, हे घरात विचारा.

हे सगळं करूनही दार उघडलं नाही तर जाणत्या माणसाला बोलवा. तो फार तर दोन सुती (पाव इंची) एक भोक पाडेल, ते नंतर पिनेनं बुजवता येतं आणि दिसतही नाही. काम घेण्याआधी तो तुमच्याकडं मालकीचा पुरावा मागेल. न मागणाऱ्याला घरात घेऊ नका.

आता ती पांढरी भुकटी. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाची हीच वाटली, कारण तिजोरीचा काळ आणि तिचा आजार दोन्ही ती सांगते. जुन्या अग्निरोधक तिजोरीला दोन भिंती असतात आणि त्या दोन पत्र्यांमध्ये भराव. १८४० मध्ये लिव्हरपूलच्या थॉमस मिलनर यांनी, आग लागली की ओलावा सोडणाऱ्या क्षारांच्या भरावाचं पेटंट घेतलं आणि पुढं तुरटी आणि लाकडाचा भुसा हा भराव इंग्लंडभर पसरला. हो, आपण गढूळ पाण्यात फिरवतो तीच तुरटी. तुरटीच्या खड्यात वजनाच्या जवळजवळ पंचेचाळीस टक्के पाणी बांधलेलं असतं. बाहेर आग लागली की ते पाणी सुटून त्याची वाफ होते, आणि ती वाफ निघत असेपर्यंत आतलं तापमान शंभर अंशांच्या आसपास थोपून राहतं. तेवढ्यात कागद जळत नाही. मिलनरच्या दारांवर कधी २१२ हा आकडा दिसतो. लोक त्याला अनुक्रमांक समजतात, पण तो पाणी उकळण्याचा फॅरनहाइट अंश आहे.

घरच्या घरी खात्री करता येते. ओल्या कापसानं थोडी भुकटी उचला, पेलाभर गढूळ पाण्यात ढवळा आणि अर्धा तास थांबा. गाळ खाली बसून पाणी निवळलं तर तुरटीच. भुकटी विरघळलीच नाही तर ते बहुधा जिप्सम असेल. मात्र भुकटी कोरडी झाडू नका, फुंकू नका, आणि सांध्यातनं करड्या-पांढऱ्या कापसासारखे तंतू डोकावत असतील तर तिथंच हात थांबवा. काही जुन्या तिजोऱ्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुफ्फुसात बसली की बाहेर येत नाही आणि आजार कितीतरी वर्षांनी दिसतो.

तुरटीनं तिजोरी आगीतनं वाचते, पण पाणी मिळालं की तीच तुरटी तिजोरीला आतनं खाते. विरघळलेली तुरटी आम्लधर्मी असते. दोन पुरांत भरावानं पाणी शोषलं, ते तळाशी जमलं आणि आतल्या बाजूनं पत्रा कुरतडू लागलं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तुमचा डावा कोपरा फुगलाय. बाहेरनं कितीही रंग दिला तरी हे थांबणार नाही. आणि उष्णता देऊन वाळवायचा विचारही करू नका. तुरटी ब्याण्णव अंशांच्या आसपास आपल्याच पाण्यात वितळते. ब्लो-लॅम्प, हीट गन, वेल्डिंग यातलं काहीही लावलंत तर आत आम्लाचा चिखल होईल, आणि बंद पोकळीत वाफ कोंडली तर पत्रा फाटून माणूस भाजेल.

तिजोरी ओळखायची कशी? लोक आधी पितळी फीत, म्हणजे कारखान्याच्या नावाची पट्टी बघतात. मी ती शेवटी बघतो. फिती बदलल्या जायच्या, नकली बसवल्या जायच्या, सिंह-घोड्याची राजचिन्हं कुणीही ओतून लावायचा. इथं बांधलेल्या पेटीला इंग्लंडचं कुलूप बसवलेलंही मी पाहिलंय. तेव्हा आधी पेटी वाचायची, मग कुलूप, मग फीत.

पेटीत कोपरे बघा. तुमच्या दुसऱ्या फोटोत उभ्या कडेला अँगल (काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी) दिसतोय आणि चंदेरी रंगाखाली रिव्हेटांचे उंचवटे ओळीनं जाणवतात. सपाट पत्रे अँगलला रिव्हेटांनी जोडणं ही जुनी रीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला चांगले कारखाने एकाच पत्र्याला वाकवून अंग करू लागले, त्यात कोपरा गोलसर येतो आणि सांधा सापडत नाही. इलेक्ट्रिक वेल्डिंगची शिवण मूळ अंगात दिसली तर तिजोरी विसाव्या शतकातली, मग फीत काहीही सांगो. दाराच्या मागच्या पत्र्यावर स्टार स्क्रू असतील तर तो पत्रा १९३० च्या दशकानंतर कुणीतरी उघडलाय किंवा तिजोरीच त्या काळानंतरची. जुन्या स्क्रूची खाच अरुंद आणि किंचित वाकडीही असते. आटे मोजले तर इंग्रजी तिजोरीत व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंची मापाचे निघतात. तिथं आजचे मेट्रिक बोल्ट रेटून बसवणं म्हणजे आटे मारणं. उद्यमनगरात शोधलंत तर बीएसडब्ल्यूचे (व्हिटवर्थ आटे पाडायचे) टॅप अजून मिळतात.

पत्र्याची जाडी सुतात मोजा, म्हणजे जुन्या इंची मापाशी जुळते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मूळ माप 'दोन सूत' असं बरोबर येतं, मिलिमीटरमध्ये ते सहा आणि थोडं असं वेडंवाकडं निघतं.

कुलपाच्या पेटीवर, लिव्हरच्या झाकणावर, बोल्टच्या कडेवर, किल्लीच्या कडीवर नाव किंवा आकडे ठोकलेले असतात. ते सगळे टिपून घ्या. तिजोरीचा आकडा आणि कुलपाचा आकडा वेगळे असू शकतात, म्हणून कुठला कुठं सापडला हेही लिहा.

आणि मग फीत. तुमच्या दारावरच्या लंबगोल पितळी फितीला चंदेरी रंग फासलाय. खरवडू नका. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, बुजलेली अक्षरंही कागदावर उठतात. अंधारात टॉर्च बाजूनं, जवळजवळ पितळेला टेकवून धरली तरी अक्षरांच्या सावल्या दिसतात. कारखान्याचं पूर्ण नाव आणि पत्ता यावरनं काळ बराच आवळता येतो. चब असेल तर 'अँड सन' एवढंच आहे की 'लॉक अँड सेफ कंपनी लिमिटेड', हे बघा. ती कंपनी १८८२ ची. लंडनचा पत्ता सेंट पॉल्स चर्चयार्डचा असेल तर तिजोरी जुनी, क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटचा असेल तर त्यानंतरची. 'हर मॅजेस्टी' (राणी) लिहिलंय की 'हिज मॅजेस्टी' (राजा) यावर लोकांचं लक्ष जात नाही, पण व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये गेली. त्यामुळं जुन्या घडणीच्या तिजोरीवर 'हर' असेल तर ती त्याआधीची. गोदरेज असेल तर १९०२ च्या मागं जाता येत नाही. अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं १८९७ ला सुरू केली, तिजोऱ्या त्यानंतर. गोदरेजच्या फितीवर 'लिमिटेड' असेल तर १९३२ किंवा पुढची. आयएसआयची खूण असेल तर ती स्वातंत्र्यानंतरची, १९५५ च्या अलीकडचीच धरा.

तुमच्या तिजोरीबद्दल माझा अंदाज: अँगलचे रिव्हेटवाले कोपरे, तुरटीचा भराव, लंबगोल फीत आणि किल्लीच्या भोकावरचं फिरतं पितळी झाकण या चार गोष्टी एकत्र बघितल्या तर ती १८७० ते १९०० च्या दरम्यानची, इंग्लंडची किंवा त्याच नमुन्यावर बांधलेली वाटते. तुमच्या घरच्या गोष्टीशीही हे जुळतं. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ ला आली आणि शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ १८९५ मध्ये वसवली, ती स्टेशनाला लागून. एवढं धूड बैलगाडीत घालून आणण्यापेक्षा रेल्वेच्या वाघिणीतनं (डब्यातनं) उतरवून चार पावलांवर अडतीत नेणं कितीतरी सोपं होतं. पणजोबांनी ती नवी घेतली की मुंबईतल्या कुणाकडनं जुनी, हे मात्र एखाद्या कीर्दवहीतच सापडेल. अशा वह्या बहुधा तिजोरीतच असतात.

दार उघडलं की पहिली गोष्ट: ते पुन्हा लावू नका. दार उघडं असतानाच किल्लीनं बोल्ट वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करून बघा. कुलूप पूर्ण साफ होईपर्यंत दार बंद करायचं नाही, आणि लहान मुलं आत जाणार नाहीत म्हणून चौकटीत लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवायचा. आत ओले कागद निघाले तर पानं सुटी करायच्या भानगडीत पडू नका. गठ्ठा आहे तसा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. मोडी कागद असतील तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाऊन विचारा, अशा कागदांचं मोल तिथं कळतं. उन्हात वाळत घालू नका. शाई उडते आणि कागद पापडासारखा होतो.

मग भरावाचं काम. दाराच्या मागचा पत्रा स्क्रूवर असतो, तो काढता येतो. तळातला भराव मात्र तुमच्या बाबतीत पूर्ण काढावा लागेल. आतल्या तळाच्या पत्र्यातनं झरोका करायचा, बाहेरच्या अंगाला हात लावायचा नाही. भराव ओला ठेवूनच बाहेर घ्यायचा, तोंडाला चांगला मास्क, हातात रबरी मोजे. पोकळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं दोनदा धुवायची म्हणजे आम्ल मरतं, मग साध्या पाण्यानं. नंतर पंख्याचा वारा आणि सिलिका जेलच्या पिशव्या. महिना, दीड महिना लागतो. पावसाळ्यात हे काम मी हातीच घेत नाही, दिवाळीनंतर घेतो. रिकाम्या जागेत सिमेंट ओतायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका, सिमेंट ओल धरून ठेवतं आणि वजन वाढवतं. मी ती जागा मोकळी ठेवतो. म्हणजे तिजोरी आता आगीला टिकणार नाही हे मान्य करायचं, आणि दागिने बँकेच्या लॉकरात ठेवायचे. फुगलेला कोपरा आतनं ठिगळ लावून रिव्हेटनंच बसवायचा, वेल्डिंग नको.

रंगाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. चंदेरी रंग पाहिला की लोक ग्राइंडर लावतात. थांबा. त्या काळी लोखंडाला खाली शिशाचा लाल प्रायमर द्यायचे, म्हणजे देवाला लावतो तो शेंदूरच. तो कोरडा घासला तर घरभर शिशाची धूळ होते आणि लहान मुलांच्या मेंदूला तिचा सगळ्यात जास्त धोका. रंग काढायचाच असेल तर लेपाचा रंगनाशक वापरा, ओलं घासा, खरवड वर्तमानपत्रात गोळा करून बाजूला ठेवा. त्याआधी एक 'खिडकी' उघडा. दाराच्या आतल्या कडेला, जिथं ऊन आणि हात लागलेला नाही, तिथं दोन इंचांचा चौकोन घेऊन एकेक थर हळूहळू उतरवा. चंदेरीखाली करडा, त्याखाली तपकिरी, मग गडद हिरवा आणि त्यावर बारीक सोनेरी रेघ, असं काहीतरी निघेल. ती रेघ दिसली की माझा हात आपोआप हलका होतो. सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या कारागिरानं लांब केसांच्या कुंचल्यानं एका श्वासात ओढलेली ती रेघ असते. मूळ रंग साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल तर नवा रंग देऊच नका. स्वच्छ करा, मेणाचा पातळ हात द्या, पुरे. गाड्यांचा चकचकीत ड्यूको मारलेली जुनी तिजोरी माझ्यासमोर येते तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण ते परत फिरवता येत नाही.

उघड्या पडलेल्या गंजाला आधी तारेचा मऊ ब्रश, मग टॅनिक आम्लाचं पाणी. टॅनिन गंजाशी मिळून निळसर काळा, घट्ट थर करतं. आपल्याकडं कोल्हापुरी चपलेचं चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात, त्यातलं काम करणारं द्रव्य हेच. वडील हिरड्याचा काढा उकळून गंजावर लावायचे. मी बाजारातलं टॅनिक आम्ल वापरतो, त्याचं प्रमाण ठरवता येतं एवढाच फरक. सुटे लोखंडी भाग सोड्याच्या पाण्यात बारा व्होल्टच्या चार्जरनं साफ करता येतात, पण दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातनं विषारी क्रोमियम सुटतं. साधं लोखंड लावा. स्प्रिंगा या पाण्यात कधीच नाही, त्या ठिसूळ होऊन तुटतात.

पितळेला चिंच-मीठ नको. चिंच मळ काढते हे खरं, पण मीठ अक्षरांच्या खाचांत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं हिरवा गंज दिसायला लागतो. शिवाय घासून घासून अक्षरं झिजतात. साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश बास.

तुमच्या दाराच्या वरच्या अंगाला हळद-कुंकवाचे थर आणि पुसट 'शुभ लाभ' दिसतंय. शंभरेक दिवाळ्यांच्या लक्ष्मीपूजनाचं ते तेल-कुंकू आहे. मी ते पुसत नाही. पुसायचंच असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारल्याशिवाय नको. इंग्लंडच्या कारखान्यातनं निघालेली तिजोरी इथं येऊन तुमच्या घरची झाली, हे त्या पेटीत दुसरीकडं कुठंही लिहिलेलं नाही.

कुलूप खोलायचं तर लिव्हर ज्या क्रमानं निघतात त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा आणि प्रत्येक पायरीला फोटो काढा. पितळी लिव्हरला पॉलिश पेपर लावू नका. केसाएवढी कमी झाली तरी तुमची जुनी किल्ली तिला चालणार नाही. रॉकेलनं धुऊन, पुसून, लिव्हर कोरड्याच बसवायच्या. ग्रीस फक्त बोल्टांच्या सळयांना. लिव्हरवर तेल ओतलं की धूळ धरून वर्षभरात डिंक होतो.

हलवायची असेल तर वजनाचा अंदाज आधी घ्या. एक सुती पत्र्याचा चौरस फूट सव्वादोन किलोच्या थोडा वर भरतो. साडेतीन फूट उंचीच्या तुमच्या पेटीचं दोन सुती नुसतं बाहेरचं कवचच १८० किलोच्या पुढं जातं. आतला पत्रा, दार आणि ओला भराव धरला तर साडेचारशे-पाचशे किलो. माडीवर चढवू नका, जुन्या तुळयांवर तर नाहीच. पहारीनं एक बाजू उचलून खाली पाइपचे रूळ सरकवणारे मुरलेले हमाल बघा. दार दोरानं बांधून ठेवा, कारण वाटेत उघडलेलं दार पेटीलाच उलथवतं. नव्या जागी पाणसळ लावून चारी कोपरे समपातळीत आणा, खाली लाकडी पाचरीऐवजी लोखंडी पट्ट्या घाला आणि तळाखालनं वारा खेळेल एवढी दोन-तीन इंच उंची द्या. शुक्रवार पेठेत राहायचं तर ती पुराच्या खुणेच्या वर ठेवता आली तर फारच उत्तम. २०२१ ची खूण तुमच्या भिंतीवर असेलच.

विकायचं म्हणाल, तर भंगाराच्या भावाशी तिची तुलना करू नका आणि दार उघडून, कुलूप चालतं करून, आकडे टिपून घेतल्याशिवाय कुणाशी भाव बोलू नका. चालू कुलपाची, मूळ किल्लीची, मूळ रंगाची तिजोरी आणि कापलेल्या दाराचं लोखंड यांचे गिऱ्हाईकच वेगवेगळे असतात. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. ती परदेशी पाठवायला खाजगी माणसाला परवानगी नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. घेणाऱ्याकडं तो आहे का, हे विचारून घ्या.

आज संध्याकाळी किल्लीची नळी कोरा आणि पहिली वात सोडा. किल्लीला जाड दोरा बांधून ती आईंकडं द्या, भोकात ठेवून जाऊ नका. पाच दिवसांनी दार दाबून, आधी सुलटी आणि मग उलटी फिरवून बघा. फितीचा पेन्सिलनं उठवलेला कागद आणि दार उघडलं तर कुलपाच्या पेटीचा जवळून काढलेला फोटो मला पाठवा.